साताऱ्यातील गाडीदुरुस्तीच्या व्यवसायाची पार्श्वभूमी

साताऱ्यातील आणि महामार्गालगतच्या गॅरेजांचा इतिहास मोटारीपासून सांगायला घेतला, तर त्याचा आरंभीचा भाग निसटतो. मोटारी तुरळक होत्या त्या काळात या भागातील कारागिरांचा हात शेतीच्या यंत्रांवर बसला. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली, तर 1922 मध्ये धनजीशहा कूपर यांनी सातारा रोड या गावी कारखाना काढला आणि लोखंडी नांगरांसाठी ओळखला जाणारा तो कारखाना पुढे डिझेल इंजिनांकडे वळला. (हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान, म्हणजे आजच्या भाषेत मुख्यमंत्री, होते.) विहिरीवरचे इंजिन खोलून पिस्टनच्या रिंगा बदलणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे आणि नोझल साफ करणे ज्याला जमले, त्याला मालट्रकचे इंजिन परके वाटण्याचे कारण नव्हते.

1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढे आगारांमुळे दुरुस्तीला कार्यशाळेची शिस्त लागली. गाडी बंद पडण्याची वाट न पाहता ठरलेल्या अंतरानंतर ती तपासायची, ही सवय मुख्यतः तिथली. 1950 पासूनचे आयटीआयचे शिक्षण आणि 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा यांनी या कामाला प्रमाणपत्राची जोड दिली. तरीही खासगी गॅरेजांतील बहुतेक माणसे घडली ती मिस्त्रीच्या हाताखालीच: आधी पार्ट रॉकेलने धुवायचे, मागितल्याबरोबर बारा-तेराचा पाना हातात द्यायचा, आणि इंजिनाला हात लावायची परवानगी बऱ्याच उशिरा मिळायची. या पद्धतीत पोराची पिळवणूकही होती, हे तिचे गोडवे गाताना सहसा सांगितले जात नाही.

कामाचे स्वरूप भूगोलानेही ठरवले. खंबाटकी, पसरणी, केळघर अशा घाटांत उतारावर सतत ब्रेक दाबल्याने लायनर, म्हणजे ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या, तापतात आणि ब्रेकची पकड कमी होते, तर चढावर क्लच प्लेट आणि रेडिएटर यांची कसोटी लागते. त्यामुळे ब्रेक, क्लच आणि कमानपाट्या (गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) यांची दुरुस्ती हा इथल्या मिस्त्रींचा नित्याचा विषय राहिला.

दुचाकींच्या बाबतीत साताऱ्याचा संबंध आणखी जवळचा आहे. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या साताऱ्यातील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होऊ लागली. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागे, म्हणून प्लग काळा पडणे आणि सायलेन्सरमध्ये कार्बन साचणे हे ठरलेलेच होते. प्लग काढून घासणे, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट फिलर गेजच्या पातळ पट्टीने जुळवणे आणि कार्बोरेटर उघडून जेट, म्हणजे पेट्रोलचे बारीक छिद्र, फुंकून साफ करणे एवढ्यावर कितीतरी छोट्या गॅरेजांचा रोजचा गल्ला चाले.

1985 मध्ये आलेल्या हिरो होंडाच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलीपासून, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नसल्याने, हे काम घटू लागले. खरा बदल मात्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने झाला. 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या धुरासाठीची भारत स्टेज 6 मानके लागू झाली, तेव्हा नव्या मोटारसायकलींतही कार्बोरेटरची जागा सेन्सर आणि फ्युएल इंजेक्शनने घेतली. इंजिनाच्या आवाजावरून टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, ओळखणाऱ्या जुन्या मिस्त्रीला आता स्कॅनर लावून गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचावा लागतो, आणि स्कॅनर परवडत नसेल, तर गाडी तेवढ्यापुरती दुसऱ्या गॅरेजात न्यावी लागते. कोडवरून बिघाडाची दिशा कळते. वायर तुटली आहे, कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे की सेन्सरच गेला आहे, हे मात्र मिस्त्रीला अजूनही स्वतःच शोधावे लागते.