पार्श्वभूमी : बोल्डला ‘बी’ मिळालं, रंगाला काहीच का नाही?

कंट्रोल+बी दाबलं की अक्षर ठळक होतं, आय दाबलं की तिरपं, यू दाबलं की खाली रेघ येते. वर्ड असो, ईमेल असो की ब्राउझरमधला मजकुराचा खाना, या तिघांवर डोळे झाकून भिस्त ठेवता येते. अक्षर लाल करायचं म्हटलं की मात्र हात माउसकडे जातो. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे सुचलं नाही असं नव्हे. रंग बदलायची सोय बोल्डच्या आधीपासून होती. मधल्या काळात ती सुटली.

टाइपरायटरवर अर्धी काळी, अर्धी लाल रिबन असे. बाजूची दांडी सरकवली की रिबन वरखाली होई आणि पुढची अक्षरं लाल उमटत. ठळक हवं असेल तर मात्र मागे येऊन त्याच अक्षरावर पुन्हा ठोका द्यावा लागे. तारेवरून आलेला मजकूर आपोआप टाइप करणारे टेलिप्रिंटर आले तेव्हा ही दांडी दुरून हलवायची सोय लागली. १९६३ साली आलेल्या आस्की संकेतावलीत (प्रत्येक अक्षराला आणि खुणेला एक क्रमांक देणाऱ्या यादीत) १४ आणि १५ या क्रमांकांची ‘शिफ्ट आउट’ आणि ‘शिफ्ट इन’ अशी दोन चिन्हं आहेत. टेलिटाइप मॉडेल ३८ सारख्या यंत्रांवर त्यांचं काम रिबनचा रंग बदलणं हेच होतं.

कंट्रोल या बटणाचा जन्मही याच संकेतावलीशी जोडलेला. मोठ्या बीचा क्रमांक ६६. कंट्रोल धरून बी दाबलं की त्यातून ६४ वजा होतात आणि यंत्राकडे २ जातो. हिशोब एवढाच. त्यामुळे कंट्रोल+आय म्हणजे ७३ उणे ६४, म्हणजे ९, आणि ९ म्हणजे टॅब. कंट्रोल+एम म्हणजे १३, म्हणजे एंटर. टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या आज्ञा-खिडकीत, चालणाऱ्या कित्येक एडिटरांत कंट्रोल+आय दाबून इटॅलिक होत नाही, टॅब पडतो, त्याचं कारण हे साठ वर्षांपूर्वीचं गणित.

१९७८ साली मायक्रोप्रो कंपनीचं वर्डस्टार हे मजकूर लिहिण्याचं सॉफ्टवेअर आलं. सेमूर रुबिनस्टीन यांच्या या कंपनीसाठी रॉब बार्नबी यांनी ते लिहिलं. ज्या कीबोर्डांवर बाणाची बटणं असतीलच याची खात्री नव्हती, त्यांच्यासाठी सगळं काम कंट्रोल आणि अक्षरांवर बसवलेलं. छपाईच्या आज्ञा ‘पी’ पासून सुरू होत : कंट्रोल+पी आणि मग बी म्हणजे बोल्ड, एस म्हणजे अंडरलाइन, आणि वाय म्हणजे रिबनचा रंग. तोच वाय पुढच्या आवृत्त्यांत इटॅलिककडे गेला. म्हणजे रंगाचं हक्काचं बटण होतं, आणि ते दुसऱ्याला दिलं गेलं.

वर्डस्टारमध्ये सुरुवातीला ठळक अक्षर पडद्यावर ठळक दिसतच नसे; शब्दाच्या दोन्ही बाजूंना बीचं कंट्रोल-चिन्ह दिसे. शेवटचं चिन्ह द्यायला विसरलं की तिथून पुढचा मजकूर प्रिंटरवर ठळक येई, आणि हे कळे कागद बाहेर आल्यावर. वाय तर त्याहून घातकी. आधीचं कंट्रोल+पी नीट दाबलं गेलं नाही तर नुसत्या कंट्रोल+वायचा अर्थ ‘ही ओळ पुसा’ असा होता, आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांत पुसलेली ओळ परत आणता येत नसे.

विंडोजच्या आधीच्या डॉसच्या जमान्यात वर्डपरफेक्ट या दुसऱ्या लेखन-सॉफ्टवेअरने वाट बदलली आणि फंक्शन बटणं धरली. १९८९ च्या ५.१ आवृत्तीत बोल्डला एफ६, अंडरलाइनला एफ८. कंट्रोल+एफ८ ने फॉन्टचा मेनू उघडे आणि त्यात पाचव्या क्रमांकावर ‘प्रिंट कलर’ होता. लक्षात ठेवणं इतकं अवघड की कीबोर्डवर ठेवायची छापील पट्टी सोबत लागे. मायक्रोसॉफ्टच्या डॉसवरच्या वर्डने ऑल्ट+बी, ऑल्ट+आय वापरलं. थोडक्यात, बोल्डसाठी कुठलं बटण यावर त्या काळी एकमत नव्हतं.

एकमताकडे नेणारी परंपरा वेगळीच होती. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात आल्टो या कंप्यूटरवर ब्राव्हो नावाचा एडिटर होता. त्यात आज्ञा देण्याची आणि टाइप करण्याची अवस्था वेगवेगळी. आज्ञेच्या अवस्थेत असताना चुकून ‘एडिट’ हा शब्द टाइप केला की ई ने सगळा मजकूर निवडला जाई, डी ने पुसला जाई, आय ने भर घालायची अवस्था सुरू होई आणि टी एवढं एक अक्षर उरे. लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी पुढे जिप्सी हा एडिटर केला तो हा घोळ टाळण्यासाठी : आधी मजकूर निवडा, मग आज्ञा द्या. आज काही सिलेक्ट न करता शॉर्टकट दाबला आणि ‘काहीच झालं नाही’ असं वाटलं, तर कारण बहुधा हेच असतं. निवड नसली की आज्ञा पुढे टाइप होणाऱ्या अक्षरांना लागते. वर्डमध्ये कर्सर शब्दाच्या मधोमध असेल तर त्या शब्दाला.

टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. १९८४ च्या मॅकिंटॉशवरच्या मॅकराइटमध्ये कमांड बटणासोबत बी, आय, यू होतेच. शिवाय बाह्यरेषेच्या अक्षरांना ओ, सावलीच्या अक्षरांना एस आणि साध्या अक्षरांना पी. पुढे ओ ओपनकडे, एस सेव्हकडे आणि पी प्रिंटकडे गेले. बी, आय, यू टिकले. रंगाचा मात्र प्रश्नच आला नाही, कारण त्या मॅकचा पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा आणि निव्वळ काळापांढरा. रंगीत पडदा १९८७ च्या मॅकिंटॉश टू सोबत आला. तोवर सी कॉपीकडे गेलं होतं. विंडोजमध्ये पुढे कंट्रोल+आर मजकूर उजवीकडे सरकवण्यासाठी लागलं. म्हणजे ‘कलर’चं अक्षरही गेलं आणि ‘रेड’चंही.

अक्षरं संपली हे अर्धंच कारण. बोल्ड एक तर असतं किंवा नसतं. एकच बटण चालू-बंद दोन्ही करतं. रंगाला ‘कोणता?’ हा पुढचा प्रश्न आहे. रिबनवर दोनच रंग होते तोवर त्याचं उत्तरही चालू-बंदच होतं. पुढे १६ झाले, मग एक कोटी ६७ लाख. एवढ्या निवडीला एक बटण पुरत नाही.

तरी एका ठिकाणी ते जमवलं गेलं. १९९५ मध्ये आलेल्या एमआयआरसी या चॅटच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल+के दाबून रंगाचा क्रमांक लिहायचा : ४ म्हणजे लाल, ३ म्हणजे हिरवा. यातली खोच अशी की रंगाच्या क्रमांकाला लागूनच मजकूर सुरू होतो. लाल रंगात ‘5 वाजता’ लिहायला गेलं की प्रोग्राम ४ आणि ५ एकत्र करून ४५ वाचतो आणि ५ गायब होतो. म्हणून जाणकार ४ ऐवजी ०४ लिहितात. पुढे स्वल्पविराम आणि आकडा आला तर तो पार्श्वरंग समजला जातो, तेही लक्षात ठेवावं लागतं.

वेबवरही जुनीच विभागणी आली. ब्राउझरच्या संपादन-आज्ञांमध्ये अक्षराचा रंग बदलण्याची आज्ञा आहे, पण ब्राउझर आपणहून बटणं जोडतो ती फक्त बोल्ड, इटॅलिक आणि अंडरलाइनला. ऑनलाइन एडिटरांत रंगाचा शॉर्टकट सहसा सापडत नाही तो यामुळे.

आजच्या वर्डमध्ये २००७ पासूनच्या, खिडकीच्या वर दिसणाऱ्या रिबन मेनूमुळे (नाव तेच, योगायोगाने) एक मार्ग आहे : ऑल्ट, एच, एफ, सी. ही बटणं एकामागून एक दाबायची, एकदम नाही; एकदम दाबणं हीच नेहमीची चूक. मग बाणांनी रंगावर जाऊन एंटर. एक्सेलमध्येही हाच क्रम चालतो, आणि खान्याचा रंग ऑल्ट, एच, एच ने बदलतो. ऑफिसची भाषा वेगळी असेल तर अक्षरंही वेगळी असू शकतात.

पुष्कळ ठिकाणी एकच रंग द्यायचा असेल तर एफ४ सगळ्यांत वेगवान. एकदा रंग द्या, दुसरा शब्द निवडा, एफ४ दाबा. एफ४ शेवटची कृती पुन्हा करतं, म्हणून मध्ये एक अक्षर जरी टाइप केलं तरी ते रंगाऐवजी तेच अक्षर उमटवेल. बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. दिलेला रंग काढायला कंट्रोल+स्पेस. त्याने बोल्ड-इटॅलिकही जातं. फॉरमॅटची नक्कल करायचा जुना कंट्रोल+शिफ्ट+सी आणि व्ही हा जोड नव्या आवृत्त्यांत कंट्रोल+ऑल्ट+सी आणि व्ही झाला आहे, कारण कंट्रोल+शिफ्ट+व्ही आता नुसता मजकूर चिकटवतं.

खरंच एकाच फटक्यात लाल हवं असेल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये ‘कस्टमाइझ रिबन’ उघडून खालच्या कीबोर्ड शॉर्टकटच्या ‘कस्टमाइझ’वर जा. डावीकडे ‘ऑल कमांड्स’, उजवीकडे ‘कलर’, त्याखाली हवा तो रंग, मग नवा शॉर्टकट दाबून ‘असाइन’. दाबल्यावर तो आधी कुणाकडे आहे ते तिथेच दिसतं, ते वाचा : कंट्रोल+ऑल्ट+आर हे ® या नोंदणीकृत चिन्हासाठी राखलेलं असतं. शिवाय अनेक युरोपीय कीबोर्डांवर उजवं ऑल्ट म्हणजेच कंट्रोल+ऑल्ट असतं, तिथे असे शॉर्टकट अक्षरांशी भांडतात. मोठ्या दस्तऐवजात याहून बरं म्हणजे लाल रंगाची कॅरेक्टर स्टाइल (नाव देऊन साठवलेलं अक्षरांचं रूप) करून शॉर्टकट तिला जोडणं; उद्या लालचं निळं करायचं ठरलं तर एकाच जागी बदल पुरतो.

एक्सेलमध्ये शॉर्टकट नेमायची ही सोय नाही. मॅक्रो (आज्ञांची छोटी मालिका) लिहून जमतं, पण मॅक्रो चालला की आधीचं अनडू पुसलं जातं, आणि नेमकं ते कंट्रोल+झेड दाबल्यावरच ध्यानात येतं. त्यापेक्षा फॉन्टच्या रंगाचं बटण क्विक ॲक्सेस टूलबारवर (खिडकीतल्या छोट्या बटणपट्टीवर) पहिलं ठेवा. ते ऑल्ट+१ ने उघडतं. वर्डमधले शॉर्टकट नेहमीप्रमाणे ‘नॉर्मल’ टेम्प्लेटमध्ये (आपल्या कंप्यूटरवरच्या वर्डच्या मूळ साच्यात) साठवले असतील तर फाइल दुसऱ्याला पाठवली तरी तिच्यासोबत जात नाहीत. ते फाइलबरोबरच जायला हवे असतील तर त्याच खिडकीतल्या ‘सेव्ह चेंजेस इन’मध्ये ती फाइल आधी निवडावी लागते.