आतड्यातील स्निग्ध पदार्थांचे शोषण

अन्नातील स्निग्ध पदार्थांचे पचन झाल्यावर लहान आतड्याच्या अस्तरातील पेशी त्यांचे घटक आत घेतात, त्यांची पुन्हा जुळणी करतात आणि लसीकेच्या (ऊतींतून वाहणाऱ्या पाणीदार द्रवाच्या) वाटेने ते रक्तात पाठवतात. या साऱ्या प्रक्रियेला स्निग्ध पदार्थांचे शोषण म्हणतात. आहारातील मेदाचा ९० टक्क्यांहून अधिक भाग ट्रायग्लिसराइडांचा असतो. ग्लिसरॉलच्या एका रेणूला तीन मेदाम्ले जोडलेली, अशी त्यांची रचना असते. उरलेल्या भागात फॉस्फोलिपिडे, कोलेस्टेरॉल आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे येतात. निरोगी प्रौढ व्यक्ती खाल्लेल्या मेदापैकी सुमारे ९५ टक्के मेद शोषून घेते.

शर्करा आणि अमिनो आम्ले पाण्यात विरघळतात, त्यामुळे आतड्यातून रक्तापर्यंतचा त्यांचा प्रवास तुलनेने सरळ असतो. मेदाचे तसे नाही. आतड्यातला रस पाणीदार, पेशीच्या आतला द्रव पाणीदार, लसीका आणि रक्तही पाणीदारच; आणि मेद तर पाण्यात मिसळत नाही. या प्रक्रियेतली बहुतेक गुंतागुंत या एकाच अडचणीतून निघालेली आहे.

पचनाची सुरुवात जठरात होते. तेथील लायपेज हे विकर १० ते ३० टक्के ट्रायग्लिसराइडे तोडते. नवजात बाळाचे स्वादुपिंड पूर्ण क्षमतेने काम करत नसल्याने त्याची या विकरावर अधिक भिस्त असते. मुख्य काम मात्र पुढे आद्यांत्रात, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागात चालते. मेद तिथे पोचला की अस्तरातील काही पेशी कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सोडतात. त्याच्या प्रभावाने पित्ताशय आकुंचन पावते, स्वादुपिंड विकरे सोडते आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. पित्तक्षाराच्या रेणूची एक बाजू पाण्याला आणि दुसरी मेदाला धरते, म्हणून ते मेदाच्या बारीक थेंबांभोवती पसरतात आणि थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत. पण येथे एक पेच उद्भवतो. हाच पित्तक्षारांचा थर स्वादुपिंडातून आलेल्या लायपेजलाही थेंबापासून दूर लोटतो. कोलायपेज हे छोटे प्रथिन लायपेजला थेंबाच्या पृष्ठभागावर धरून ठेवते आणि हा पेच सुटतो. मग लायपेज ट्रायग्लिसराइडच्या दोन टोकांची मेदाम्ले तोडते, मधले तसेच ठेवते. हाती येतात दोन सुटी मेदाम्ले आणि एक मोनोग्लिसराइड, म्हणजे एकच मेदाम्ल उरलेले ग्लिसरॉल.

हे तुकडे पित्तक्षारांसह मिसेल नावाचे अतिसूक्ष्म पुंजके बनवतात. त्यांचा व्यास काही नॅनोमीटर इतकाच असतो. अख्खे मिसेल पेशीत शिरते असा समज बराच रूढ आहे, पण तो खरा नाही. मिसेल फक्त नावाड्याचे काम करते. आतड्याच्या पृष्ठभागालगत पाण्याचा एक जवळजवळ स्थिर थर असतो, तो ओलांडून ते मेदाम्लांना पेशीच्या पटलापर्यंत आणते. पटलालगतचा द्रव किंचित आम्लधर्मी असल्याने मेदाम्लांवरचा विद्युतभार नाहीसा होतो. ती मिसेलमधून सुटतात आणि पटलात शिरतात. पित्तक्षार मागेच राहतात. ते शेषांत्राच्या, म्हणजे लहान आतड्याच्या अखेरच्या भागाच्या, शेवटी शोषले जाऊन यकृताकडे परततात आणि पुन्हा पित्तात येतात. शरीरातील पित्ताम्लांचा एकूण साठा जेमतेम २ ते ४ ग्रॅम. तोच दिवसातून अनेकदा फिरवला जातो. मिसेलची ही भूमिका १९६०च्या दशकात अॅलन हॉफमन आणि बेंट बोर्गस्ट्रॉम या संशोधकांच्या कामामुळे स्पष्ट झाली.

मेदाचे बहुतेक शोषण आद्यांत्राच्या शेवटच्या भागात आणि मध्यांत्राच्या (लहान आतड्याच्या मधल्या भागाच्या) वरच्या टोकाला होते. तेथील अस्तरावर उद्वर्ध, म्हणजे सुमारे अर्धा ते एक मिलिमीटर उंचीचे असंख्य उंचवटे असतात आणि उद्वर्धांवरच्या प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर सूक्ष्म उद्वर्धांची दाट झालर असते. या घड्यांमुळे आतड्याचे क्षेत्रफळ २०० ते ३०० चौरस मीटर भरते असे पाठ्यपुस्तके वर्षानुवर्षे सांगत आली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या मोजमापात ते सुमारे ३० चौरस मीटर निघाले. जुना आकडा अजूनही सर्रास छापला जातो. या पेशींचे आयुष्य तीन ते पाच दिवसांचे असते, म्हणजे अस्तर सतत नवे होत असते.

मेदाम्ले पटलातून आपोआप पाझरतात की वाहक प्रथिने त्यांना आत ओढतात, हा वाद जुना आहे. सीडी३६ या प्रथिनाला बराच काळ मुख्य वाहक मानले गेले, पण ते नसलेल्या उंदरांतही एकूण मेदशोषण फारसे घटत नाही. त्यामुळे एकाच वाहकावर सारे श्रेय टाकणे घाईचे ठरेल. कोलेस्टेरॉलच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. ते एनपीसी१एल१ या प्रथिनामार्फत आत येते आणि इझेटिमाइब हे औषध नेमके तेच प्रथिन अडवते. वनस्पतींतील स्टेरॉलही याच वाटेने आत येतात, पण पेशी त्यांना जवळजवळ पूर्णपणे परत आतड्यात फेकते.

पेशीत आल्यावर घडते ते वरवर पाहता उलटेच वाटते. बाहेर एवढ्या खटपटीने तोडलेले ट्रायग्लिसराइड पेशी पुन्हा जोडून काढते. याला कारणे आहेत. सुटी मेदाम्ले साबणासारखी वागतात आणि पेशीच्या पटलांना इजा करू शकतात. शिवाय ती लगेच बांधून टाकली की आत त्यांचे प्रमाण कमी राहते आणि बाहेरून नव्यांचा ओघ चालू राहतो. ही जोडणी आंतर्द्रव्य जालिकेत होते. तेथेच एमटीपी हे प्रथिन एपोबी-४८ या मोठ्या प्रथिनावर मेद चढवते आणि कायलोमायक्रॉन हा कण तयार होतो. एपोबी-४८ची निर्मितीही विलक्षण आहे. यकृतात बनणारे एपोबी-१०० आणि हे, दोन्ही एकाच जनुकापासून येतात. आतड्याच्या पेशीत मात्र संदेशवाहक आरएनएतले एक अक्षर बदलले जाते, तेथे थांबण्याची खूण तयार होते आणि प्रथिन ४८ टक्के लांबीवरच संपते.

कायलोमायक्रॉनचा व्यास सुमारे ७५ ते ६०० नॅनोमीटर असतो. एवढा कण आतड्यातील रक्तकेशिकांच्या भिंतीतून जात नाही. म्हणून तो पेशीच्या तळाकडून बाहेर पडून उद्वर्धाच्या मध्यभागी असलेल्या लॅक्टिअल या लसीकावाहिनीत शिरतो. तेथून छातीतील मुख्य लसीकावाहिनीतून मानेच्या बुंध्याजवळच्या डाव्या नीलेत उतरतो. परिणामी इतर अन्नघटक आधी यकृतात जातात, तर मेद यकृताला वळसा घालून थेट सर्वसाधारण रक्ताभिसरणात येतो. १० किंवा त्याहून कमी कार्बन अणूंची मेदाम्ले मात्र पाण्यात बरीच मिसळतात. ती पेशीतून सरळ यकृताकडे जाणाऱ्या नीलेत जातात.

या वाटेचा शोध पचनाचे रसायन उलगडण्याच्या खूप आधी लागला. १६२२ साली इटलीत गास्पारे आझेल्ली या शरीररचनातज्ज्ञाला नुकतेच खाऊ घातलेल्या कुत्र्याच्या उदरात दुधासारख्या पांढऱ्या वाहिन्या, म्हणजेच मेद वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या दिसल्या. त्या पुढे कुठे जातात हे झाँ पेके याने १६५१ साली दाखवले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर क्लोद बेर्नार याने सशावर केलेले निरीक्षण तर नमुनेदारच. सशात पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका एकमेकींपासून बऱ्याच अंतरावर उघडतात. पांढऱ्या वाहिन्या दिसल्या त्या स्वादुपिंडाच्या नलिकेच्या पुढे. स्वादुपिंडाच्या रसावाचून मेदाचे शोषण होत नाही, हे त्यावरून ध्यानात आले.

आत आलेला सगळा मेद लगेच बाहेर जातोच असे नाही. काही भाग थेंबांच्या रूपात पेशीतच राहतो आणि पुढच्या जेवणानंतर बाहेर पडतो. जेवणानंतर काही तास रक्तद्रव गढूळ दिसतो तो कायलोमायक्रॉनांमुळे. ट्रायग्लिसराइडांच्या तपासणीसाठी उपाशीपोटी बोलावण्यामागे हेच कारण आहे.

यातली कोणतीही पायरी बिघडली तर मेद विष्ठेतून जातो. रोज १०० ग्रॅम मेद खाणाऱ्याच्या विष्ठेत दिवसाला ७ ग्रॅमपेक्षा जास्त मेद निघाला तर तो विकार समजला जातो. विष्ठा फिकट, तेलकट आणि दुर्गंधीयुक्त होते. स्वादुपिंडाची जीर्ण सूज, सिस्टिक फायब्रोसिस, पित्तमार्गातील अडथळा आणि उद्वर्ध सपाट करणारा सीलिअॅक रोग ही नेहमीची कारणे. वजन घटवण्यासाठी दिले जाणारे ऑर्लिस्टॅट लायपेज अडवून हीच स्थिती मर्यादित प्रमाणात मुद्दाम घडवते. एमटीपीच्या जनुकात दोष असला तर अबीटालिपोप्रोटीनेमिया हा दुर्मिळ आनुवंशिक विकार होतो. त्यात मेद पेशीत शिरतो, जोडलाही जातो, पण कायलोमायक्रॉनच बनत नसल्याने तो पेशीत साचून राहतो. ई जीवनसत्त्व शरीराला मिळत नाही आणि वेळीच उपचार न झाल्यास मज्जातंतू व दृष्टिपटल खराब होतात. उपचारात आहारातील मेद कमी करतात आणि ई जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत देतात.