सिग्नलला उभं असलेलं इंजिन बंद का पडत नाही?

गरम झालेलं पेट्रोल इंजिन आयडलिंगला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू असताना, मिनिटाला साधारण ७०० ते ८५० फेरे घेतं. एवढ्या फेऱ्यांत ते जेमतेम स्वतःचं घर्षण, पाण्याचा पंप आणि वीज बनवणारा अल्टरनेटर ओढत असतं. शिल्लक ताकद जवळपास नसतेच. अशा वेळी एसीचा कॉम्प्रेसर लागला तर इंजिन सहज बंद पडेल. ते पडू न देणं हे ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाचं काम, आणि ते हमरस्त्यावर ८०च्या वेगाने गाडी पळवण्यापेक्षा अवघड आहे.

त्यासाठी त्याच्याकडे दोन साधनं असतात: हवा आणि ठिणगी. इंजिनात जाणारी हवा थ्रॉटलच्या झडपेतून जाते. जुन्या गाड्यांत थ्रॉटलच्या बंद झडपेला वळसा घालून जाणारी एक वाट असते आणि छोटी मोटर ती कमी-जास्त उघडते. नव्या गाड्यांत मोटर थ्रॉटलची झडपच किंचित हलवते. हवा वाढली की त्या प्रमाणात पेट्रोलही वाढतं. पण हा मार्ग संथ. आधी मॅनिफोल्ड (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) भरायचा, मग ती हवा सिलिंडरमध्ये जाऊन दाबली जायची, मग जळायची.

ठिणगी मात्र तत्काळ बदलता येते. ७५० फेऱ्यांवर चार सिलिंडरच्या इंजिनात दर ४० मिलिसेकंदांनी एक ठिणगी पडते, म्हणजे पुढच्याच ठिणगीपासून फरक पडतो. म्हणून ईसीयू आयडलिंगला ठिणगी मुद्दाम थोडी उशिरा टाकतो. यात थोडं पेट्रोल वाया जातं, पण फेरे घसरताच ठिणगी काही अंश अलीकडे आणून लगेच ताकद वाढवता येते. एसीचं बटण दाबल्यावर कॉम्प्रेसर क्षणभर थांबून लागतो, तोही याचसाठी. आधी हवा वाढवून ठेवली जाते, मग कॉम्प्रेसरचा क्लच जोडला जातो.

थंड इंजिन १२०० किंवा त्याहून जास्त फेरे घेतं, कारण ऑइल घट्ट असतं आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापवायचा असतो. त्यामुळे कूलंटचा तापमान सेन्सर चुकीचं सांगू लागला, तर तापलेली गाडीही रेस घेत राहते.

सर्वांत नेहमीचं दुखणं म्हणजे थ्रॉटलच्या कडेला साचलेला कार्बन. हवेची फट बुजत जाते, तसा ईसीयू झडप थोडी जास्त उघडायला शिकतो आणि चालकाला काही जाणवत नाही. हे शिकणं मर्यादेपर्यंत पोचलं की एसी लावताच गाडी बंद पडते. थ्रॉटल साफ केल्यावर उलट घडतं. जुनी शिकवण तशीच राहिल्याने फेरे वाढतात. तेव्हा रीलर्न करावं लागतं, म्हणजे ईसीयूला नव्याने शिकवावं लागतं. काही गाड्यांत इंजिन गरम करून एसी, दिवे, पंखा बंद ठेवून काही मिनिटं चालू ठेवणं पुरतं, काहींना स्कॅनर (ईसीयूला जोडायचं तपासणी यंत्र) लागतो. मोटरवर चालणारी झडप बोटाने ढकलू नका, आतले गिअर तुटू शकतात.

थ्रॉटल आणि इंजिन यांच्यामधला एखादा पाइप चिरला तर लक्षणं सेन्सरवर अवलंबून. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीत चिरेतून आलेली हवा मोजलीच जात नाही, मिश्रण पातळ होतं आणि फेरे वर-खाली होतात. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीत त्या हवेला पेट्रोल मिळतं, म्हणून फेरे नुसते वाढतात. स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड पी०५०६ म्हणजे फेरे कमी, पी०५०७ म्हणजे जास्त. कोड लक्षण सांगतो, खराब भाग नव्हे. आयडलिंगची हवा सोडणारा व्हॉल्व्ह बदलण्याआधी धुराची चाचणी करून, म्हणजे आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहून, गळती शोधावी.

आणि थ्रॉटलचा स्टॉप-स्क्रू पिळून फेरे जुळवू नयेत. झडप बंद स्थितीतून सरकली, की ईसीयूला चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यासारखं वाटू शकतं, आणि मग तो आयडलिंगचा ताबाच सोडून देतो.