मासळीचा उगम-मागोवा (गोवा)

मासळीचा उगम-मागोवा : मासळी कोणत्या बोटीने, कोणत्या पाण्यातून, कोणत्या जाळ्याने आणि केव्हा काढली, याची नोंद जाळ्यापासून ताटापर्यंत तुटू न देण्याची पद्धत. व्यवहारात ‘ट्रेसेबिलिटी’ हाच शब्द रूढ आहे. बेकायदा, नोंद न झालेल्या आणि अनियंत्रित मासेमारीला (आययूयू) बाजार मिळू नये, हा तिचा हेतू. चोरून काढलेली मासळी भर समुद्रात पकडणे अवघड, म्हणून तिला धक्क्यावर आणि सीमाशुल्क नाक्यावर अडवायचे.

या कल्पनेच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ती अन्नसुरक्षेतून आली. १९९० च्या दशकातील ‘मॅड काउ’ रोगाच्या संकटानंतर युरोपीय संघाने २००२ मध्ये १७८ क्रमांकाचा अन्न कायदा केला. त्याचे १८ वे कलम १ जानेवारी २००५ पासून लागू झाले आणि माल कोणाकडून घेतला व कोणाला दिला, हे सांगणे प्रत्येक व्यापाऱ्यावर बंधनकारक झाले. दुसरे मत मासळीपुरता उगम मत्स्यसंवर्धन आयोगांकडे नेते. अटलांटिक ट्यूना आयोगाने १९९२ च्या सुमारास ब्लूफिन ट्यूनासाठी व्यापारी दस्तऐवज ठरवला, तर अंटार्क्टिक आयोगाने २००० पासून टूथफिशसाठी पकड-दस्तऐवज सक्तीचा केला. आययूयू ही संज्ञाही १९९७ च्या आसपास याच आयोगाच्या चर्चांतून पुढे आली. अन्न व कृषी संघटनेच्या २००१ च्या कृती आराखड्यात तिची व्याख्या झाली. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अन्न कायदा ‘कोणाकडून घेतली?’ असे विचारतो आणि पकड-दाखला ‘कोणत्या पाण्यातून काढली?’ असे विचारतो. हे प्रश्न वेगळे आहेत, आणि गोव्याच्या संदर्भात हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

जगातील बेकायदा पकडीचा आकडा म्हणून वर्षाला १ कोटी १० लाख ते २ कोटी ६० लाख टन असे सर्रास लिहिले जाते. तो २००९ च्या एका अभ्यासातून आला असून त्यामागील माहिती मुख्यतः २००० ते २००३ या काळातील आहे. आजचे मोजमाप म्हणून तो वापरू नये.

युरोपीय संघाच्या २००८ च्या १००५ क्रमांकाच्या नियमाने १ जानेवारी २०१० पासून आयात होणाऱ्या सागरी मासळीला पकड-दाखला आवश्यक केला. त्यात बोटीचे नाव व नोंदणी, प्रजाती, पकडीचे क्षेत्र, तारखा आणि वजन येते. भारतात हे दाखले सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण (कोची, स्थापना १९७२) प्रमाणित करते. मत्स्यशेतीतील कोळंबी या दाखल्याच्या कक्षेबाहेर आहे. ओढजाळे न वापरणाऱ्या १२ मीटरहून लहान बोटी, ओढजाळ्याच्या ८ मीटरहून लहान बोटी, तसेच केबिन नसलेल्या किंवा २० टनांहून कमी स्थूल टनभाराच्या बोटी यांना सोपा दाखला चालतो. तो निर्यातदार भरतो आणि एकाच दाखल्यात अनेक बोटींची मासळी दाखवता येते. लहान मच्छीमाराला ही सवलत न्याय्यच आहे. पण बोट आणि मासळी यांची गाठ इथे सैल होते, हेही नोंदवायला हवे. १० जानेवारी २०२६ पासून युरोपीय आयातदारांना दाखल्यांचा व्यवहार ‘कॅच’ या संगणकीय प्रणालीतून करावा लागतो.

गोव्यात कायद्याचा पाया म्हणजे गोवा, दमण आणि दीव सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८०. देशातील अशा सर्वांत आधीच्या कायद्यांपैकी हा एक. त्यामागे रापणकारांचा, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे लांब जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांचा लढा होता. ट्रॉलर (ओढजाळ्याच्या यांत्रिक बोटी) आणि पर्ससीन (थव्याला वेढणाऱ्या जाळ्याच्या बोटी) किनाऱ्यालगत येऊन रापणीची मासळी ओढून नेऊ लागले, तेव्हा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मथानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांसह खारवी (पारंपरिक मच्छीमार) रस्त्यावर उतरले. किनाऱ्यापासून ५ किमीचा पट्टा पारंपरिक मासेमारीसाठी राखावा ही त्यांची मागणी होती आणि नियमांत ती आली. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी बंदी आणि मासळी खेचणाऱ्या एलईडी दिव्यांवरील बंदी (केंद्राचा नोव्हेंबर २०१७ चा आदेश) ही पुढची बंधने. राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत चालतो, त्यापलीकडे केंद्राचा. शेजारच्या राज्यांतील वेगवान ट्रॉलर आत घुसतात, ही गोव्याप्रमाणे सिंधुदुर्गातील मच्छीमारांचीही जुनी तक्रार आहे.

माग तुटतो तो धक्क्यावर. मालिम किंवा कुटबण येथे बोट लागली की खलाशी बांगडा, तारली, माणकी (स्क्विड) क्रेटमध्ये भरून बर्फ टाकतात, पावणी (लिलाव) होते आणि दोन-तीन बोटींचे क्रेट एकाच टेंपोत चढतात. क्रेटवर बोटीचा क्रमांक नसेल, तर टेंपो हलल्यावर पाच किलोमीटरच्या आतली आणि बाहेरची मासळी वेगळी सांगणे अशक्य. निर्यातीच्या मालाला निदान कागद असतो. मडगावच्या बाजारात बसलेल्या नुस्तेकारणीच्या (मासळी विकणारीच्या) पाटीतल्या मासळीला तोही नसतो, आणि गोवेकराच्या जेवणात येते ती हीच मासळी.

जुलै २०१८ मध्ये परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन असल्याच्या संशयावरून राज्य सरकारने तिच्यावर तात्पुरती बंदी घातली. लोकांचा संताप रास्त होता. मात्र चर्चा ‘गाडी कोणाची, मासळीत काय मिसळले’ यावरच राहिली. म्हणजे अन्न कायद्याचा ‘कोणाकडून घेतली?’ हा पहिला प्रश्न विचारला गेला; ती कोणत्या पाण्यातली, हा दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथून देशातील १ लाख बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेला सुरुवात झाली. बोट कुठे होती हे त्यावरून कळू शकते. पण त्या नोंदीची सांगड धक्क्यावरच्या क्रेटशी घातली, तरच मासळीचा माग लागतो.

प्रयोगशाळेकडून कधीकधी अवाजवी अपेक्षा केली जाते. सुमारे ६५० बेस जोड्यांच्या सीओआय जनुकखंडावरून तुकडे केलेल्या मासळीचीही प्रजाती ओळखता येते. विसवण (सुरमई) म्हणून दुसरा मासा विकला जात असेल, तर ते उघड होते. माशाच्या कानातल्या खड्यात साठलेल्या स्ट्रॉन्शियम, बेरियम यांच्या प्रमाणावरून तो कोणत्या तऱ्हेच्या पाण्यात वाढला याचा अंदाज येतो. परंतु बांगडा किनाऱ्याने थवे करून फिरणारा मासा आहे. मालपेचा, काणकोणचा आणि मालवणचा बांगडा जनुकांवरून वेगळा काढता येत नाही, आणि तो चौथ्या किलोमीटरवर जाळ्यात आला की सहाव्या, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. ते तांडेलाच्या (बोटीच्या प्रमुखाच्या) नोंदवहीतच सापडते.