खाऱ्या टँकचं गोडं पाणी

गोव्यात खाऱ्या पाण्याचा फिश टँक ठेवणाऱ्यांचा आपल्या पाण्यावर फार भरवसा असतो. फोंडा, डिचोली, सत्तरीकडच्या जांभ्यात खोदलेल्या विहिरीत टीडीएस मीटर (लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते सांगणारा) बुडवला, तर आकडा बऱ्याचदा शंभराच्या आत थांबतो. देशावरच्या बोअरवेलला तोच मीटर सहज पाचशेच्या पुढे जातो. इतकं गोड पाणी आणखी शुद्ध कशाला करायचं, त्यात मरीन सॉल्ट, म्हणजे टँकसाठी मिळणारं समुद्री मीठ, कालवलं की झालं, असा विचार मग मनात येतोच. पण मला वाटतं, आकडा लहान असल्यामुळेच इथे फसगत होते.

हा मीटर पाण्यात काय विरघळलंय ते ओळखत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच तो मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो. चुना, मीठ, नायट्रेट, तांबं या सगळ्यांचा मिळून एकच आकडा. आणि ज्याच्यावर विद्युतभार नाही, ते त्याला दिसतच नाही.

आता टँकचा हिशेब पाहू. २०० लिटरच्या टँकमध्ये लिटरला ३५ ग्रॅम धरले तरी ७ किलो क्षार असतात. त्यातून रोज २ लिटर पाणी उडून जातं असं समजा. मे महिन्यात पाणी गार राहावं म्हणून वर पंखा लावला तर जास्तच. उडतं ते फक्त पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून ही तूट गोड्या पाण्याने भरायची असते. वर्षाला ही भर ७३० लिटर होते, टँकच्या साडेतीनपट. ६० टीडीएसच्या पाण्यातून तेवढ्यात जेमतेम ४४ ग्रॅम क्षार येतील. ७ किलोपुढे ते काहीच नाहीत. तेव्हा क्षार किती आले यावर काही ठरत नाही, कोणते आले यावर ठरतं.

तांब्याचं उदाहरण घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तांब्याची स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. माणसाला त्याने काहीही होत नाही. पण एवढं तांबं असलेलं पाणी वर्षभर भरत राहिलात आणि टँकमधलं पाणी बदललं नाहीत, तर तिथे तांबं लिटरला ०.१८ मिलिग्रॅमपर्यंत चढू शकतं. माशांच्या अंगावरचे परजीवी मारायला औषध म्हणून तांबं देतात, ते साधारण याच पातळीला. मासे ते सोसतात. कोळंबी, शंख, तारामासे, अ‍ॅनिमोनी सोसत नाहीत. प्रत्यक्षात काही तांबं वाळू-दगडात अडकतं, पाणी बदललं की काही कमी होतं. तरी दिशा तीच राहते.

म्हणून स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी टँकला देऊ नका. आत आरओ मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, चांगली असते, पण चव यावी म्हणून पुढे त्यात थोडं मूळ पाणी परत मिसळतात, खनिजांचं कार्ट्रिज लावतात आणि हल्ली तर मुद्दाम तांबंही घालतात. मेकॅनिककडून मेम्ब्रेनच्या लगेच पुढून वेगळी नळी काढून घेतली आणि तिला डीआय रेझिनचं, म्हणजे उरलेले क्षार पकडणाऱ्या दाण्यांचं, कार्ट्रिज जोडलं, तर तेच यंत्र कामाला येतं. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र नकोच. ते तांब्याच्या नळ्यांवरूनच आलेलं असतं.

आरओ मेम्ब्रेन सुमारे ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते. उरलेले डीआय रेझिन पकडतं आणि त्यांच्या जागी हायड्रोजन व हायड्रॉक्सिल आयन सोडतं. दोघांचं मिळून पाणीच होतं. जांभ्याच्या मुलखात या दुसऱ्या टप्प्याला जास्त महत्त्व आहे. जांभा तयार होतो तोच मुळी खडकातली सिलिका पावसाने धुऊन जाते म्हणून. लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मागे उरतं, सिलिका पाण्यात उतरते. विहिरीच्या पाण्यात ती बहुतेक विद्युतभाराविना असते, म्हणून मीटरला दिसत नाही. ती विषारी नाही. पण काचेवर आणि वाळूवर तपकिरी थर धरणाऱ्या डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांना आपलं कवच बांधायला नेमकी तीच लागते. रेझिन थकू लागलं की सर्वांत आधी सिलिकाच निसटते, मीटर शून्य दाखवत असतानाच. मीटर शून्यावरून हलायची वाट न पाहता, तो १ दाखवायच्या आधीच मी रेझिन बदलावं असं सांगेन.

इथल्या विहिरींचं पाणी बरेचदा आम्लधर्मी असतं, त्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. मेम्ब्रेन वायू अडवत नाही. तो पुढे जाऊन रेझिन खातो, आणि नवं कार्ट्रिज भराभर रंग बदलायला, म्हणजे संपायला, लागलं की लोक दुकानदाराला दोष देतात. आरओचं पाणी बादलीत घेऊन रात्रभर एअर पंपाने घुसळत ठेवा आणि मग डीआयमधून सोडा. रेझिन बरंच जास्त टिकेल.

पाणी ओपा किंवा साळावलीच्या जलप्रकल्पातून येणारं नळाचं असेल, तर त्यात क्लोरिन असतं. ते मेम्ब्रेनला कुरतडतं, म्हणून आधी कार्बन फिल्टर हवा, आणि पावसाळ्यातल्या गढूळपणासाठी त्याच्याही आधी सेडिमेंट फिल्टर. गच्चीवरच्या टाकीचा दाब पुरत नाही. ५ मीटर उंचीला सुमारे ७ पीएसआय दाब मिळतो, मेम्ब्रेनला ४० ते ६० लागतो. बूस्टर पंप घ्यावाच लागेल.

समुद्र दारात असताना मीठ विकत का घ्यायचं, असं कुणीही विचारेल. मिरामार किनाऱ्याचं पाणी मांडवी नदीच्या तोंडाशी आहे. पावसाळ्यात नदी त्याचा खारेपणा पार उतरवते आणि बोटींचं तेल बारा महिने असतं. आगरातलं मीठही चालत नाही. मिठागरात सोडियम क्लोराइडचे दाणे धरतात तेव्हा मॅग्नेशियम आणि पोटॅशियमचा बराच भाग मागच्या कडू पाण्यात राहतो, आणि कॅल्शियम त्याआधीच जिप्सम होऊन तळाला बसलेलं असतं. जेवणात ते मीठ उत्तम, टँकला अपुरं.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर पाणी बाहेर पडतं. ते गटारात सोडू नका. विहिरीचं ६० टीडीएसचं पाणी असेल तर बाहेर येणारं फार तर ८० टीडीएसचं असतं. कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, माडांना, पोफळींना ते खुशाल घाला.