धमनी-रक्तवायू विश्लेषण : दीर्घकालीन फुप्फुसरोगातील अर्थनिर्णय

धमनीतील रक्ताचे पीएच मूल्य आणि त्यातील ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड यांचे आंशिक दाब मोजून, त्यांवरून बायकार्बोनेट या रक्तातील क्षारकाचे प्रमाण गणिताने काढण्याची तपासणी. रुग्णालयांत ती ‘एबीजी’ या नावाने ओळखली जाते. निरोगी व्यक्तीत पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिमी. पारा आणि बायकार्बोनेट लिटरला २२ ते २६ मिलिमोल असते. दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसरोगात (सीओपीडी) मात्र हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. अशा काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कायमच साठलेला असतो, आणि मूत्रपिंडे बायकार्बोनेट राखून पीएच जवळजवळ पूर्वपदावर आणतात. त्यामुळे रुग्णाच्या स्थिर अवस्थेतील जुना अहवाल हाच तुलनेचा सर्वांत विश्वसनीय आधार होय.

बायकार्बोनेट एकटे पाहिल्यास किती फसगत होते, हे १९५२ च्या कोपनहेगनमधील पोलिओच्या साथीत दिसून आले. रुग्णांच्या रक्तातील वाढलेले बायकार्बोनेट क्षाररक्ततेचे, म्हणजे रक्त प्रमाणापेक्षा अधिक क्षारधर्मी झाल्याचे, लक्षण मानले जात होते. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ते कार्बन डायऑक्साइड साठल्याचे चिन्ह असल्याचे प्रतिपादिले आणि पीएचच्या मापनाने त्यास पुष्टी मिळाली. तेथील संशोधक पॉल ॲस्ट्रुप व ओले सिग्गार्ड-अँडरसन यांच्या कार्यातून सुमारे १९६० पर्यंत ‘अतिरिक्त क्षारक’ (बेस एक्सेस : कार्बन डायऑक्साइडचा दाब सामान्य धरून रक्तातील क्षारकाची अधिकता वा कमतरता दाखवणारा आकडा) ही संकल्पना पुढे आली. बॉस्टनमधील अभ्यासकांचा आक्षेप असा की, दीर्घकालीन श्वसनजन्य अम्लरक्ततेत (कार्बन डायऑक्साइड साठून रक्त अम्लधर्मी होण्यात) हा आकडा वाढतो, परंतु ती मूत्रपिंडांची अपेक्षित प्रतिक्रिया असते, स्वतंत्र चयापचयी (श्वसनाखेरीज अन्य कारणाने झालेला) विकार नव्हे. प्रस्तुत रुग्णांपुरता हा आक्षेप अधिक ग्राह्य वाटतो.

याच अभ्यासकांच्या ‘बॉस्टन पद्धती’च्या प्रचलित नियमानुसार, कार्बन डायऑक्साइडचा दाब १० मिमी.ने वाढल्यास बायकार्बोनेट तीव्र अवस्थेत सुमारे १ मिलिमोलने व तीन ते पाच दिवसांनंतर सुमारे ३.५ ते ४ मिलिमोलने वाढते. म्हणजे सामान्य दाब ४० व बायकार्बोनेट २४ धरल्यास, दाब ६० असता तीव्र अवस्थेत बायकार्बोनेट २६ व पीएच ७.२६ च्या आसपास, तर जुन्या विकारात ३२ व ७.३५ च्या आसपास अपेक्षित असते. दीर्घकालीन वाढ ५ मिलिमोलच्या जवळपास असावी, असे २००३ मधील एका पुनर्मूल्यांकनात आढळले. हा फरक किरकोळ नाही : वरील रुग्णात बायकार्बोनेट ३४ आढळल्यास जुन्या नियमाने जोडीला चयापचयी क्षाररक्तता आहे असे निदान होईल, नव्या नियमाने होणार नाही. मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधे स्वतःच चयापचयी क्षाररक्तता घडवू शकत असल्याने, ती घेणाऱ्या रुग्णांत ही संदिग्धता विशेष जाणवते. जुन्या विकारावर तीव्र बिघाड चढला असता पीएच या दोन अपेक्षित मूल्यांच्या दरम्यान येतो.

अशा रुग्णांना अनिर्बंध ऑक्सिजन दिल्यास कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो. यामागे श्वसनाची प्रेरणा मंदावणे हेच मुख्य कारण असल्याचे पूर्वी मानीत. आता फुप्फुसांतील वायुवीजन (हवेची ये-जा) व रक्तप्रवाह यांतील बिघडलेला मेळ आणि हाल्डेन परिणाम (ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनची कार्बन डायऑक्साइड वाहण्याची क्षमता घटणे) यांना अधिक महत्त्व दिले जाते. म्हणून तीव्र बिघाडात ऑक्सिजन-संपृक्तता ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राखतात, आणि औषधोपचारानंतरही पीएच ७.३५ खाली व कार्बन डायऑक्साइड ४५ वर राहिल्यास मुखवट्याद्वारे श्वसनसाहाय्य देतात. यंत्राने दाब झपाट्याने ४० वर आणल्यास साठलेले बायकार्बोनेट तसेच राहून तीव्र क्षाररक्तता उद्भवते. त्यामुळे रुग्णाची नेहमीची पातळी हेच उद्दिष्ट ठेवले जाते.