कॅमेरा घेण्याआधी: किनाऱ्यावरच्या हौशी फोटोग्राफरांसाठी आमच्या दुकानाचं माहितीपत्रक

दुकानात पाऊल टाकल्यावर येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कॅनन बरा की निकॉन? की आता सगळे सोनीच घेतात?" आज बाजारात असलेल्या कुठल्याही नावाजलेल्या कंपनीच्या बॉडीने (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) चांगला फोटो येतो, त्यामुळे यावर तास घालवण्यात आम्हाला रस नाही. आम्ही उलट विचारतो. फोटो कशाचे काढणार? किती लांबून? दिवसा की रात्री? आणि पावसाळ्यात कॅमेरा घरात ठेवणार कुठे? एवढं कळलं की लेन्स ठरते, लेन्सवरून माउंट (लेन्स बॉडीला जोडली जाते ती बैठक) ठरतो आणि बॉडी शेवटी खिशाकडे बघून घेता येते. पत्रकही त्याच क्रमाने लिहिलं आहे.

किनाऱ्यावरचे पक्षी

हिवाळ्यात गुहागर, केळशी, आंजर्ले, हर्णै या बाजूला कुरव आणि सुरय यांचे थवे वाळूवर बसलेले असतात. माणूस जरा जवळ सरकला की थवा उठतो. समुद्री गरुड तर उंच झाडाच्या शेंड्यावर. इथे ४०० मिमीच्या (हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं) खाली भागत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

सेन्सरच्या, म्हणजे बॉडीत चित्र टिपणाऱ्या चिपच्या, मापाचा प्रश्न खरा इथे येतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी असतो, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिमी (कॅननचा थोडा लहान, २२.३ × १४.९) आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३ मिमी. तीच ४०० मिमीची लेन्स एपीएस-सीवर लावली की फ्रेम ६०० मिमीसारखी दिसते, कॅननवर ६४०, मायक्रो फोर थर्ड्सवर ८००. लेन्स काही लांब झालेली नसते, चित्राच्या कडा तेवढ्या कापल्या जातात. पण पक्षी फ्रेमभर येतो. पक्ष्यांसाठी ४५ मेगापिक्सेलची फुल फ्रेम बॉडी हवीच म्हणणाऱ्याने हा हिशोब करून बघावा: तिचा एपीएस-सीएवढा भाग कापला तर १७ ते १९ मेगापिक्सेल हातात उरतात. मधल्या किमतीच्या एपीएस-सी बॉडीत त्याहून जास्त आधीच असतात.

मग वजन. सोनीची २००-६०० साधारण २.१ किलोची, निकॉनची डीएसएलआरवाली (आत आरसा असलेल्या जुन्या धाटणीच्या कॅमेऱ्याची) २००-५०० तर २.३ किलोची. छोट्या बॉडीला असली लेन्स लावली की नाकापेक्षा मोती जड होतो आणि दुसऱ्या रविवारी ती घरीच राहते. कॅननची आरएफ १००-४०० अवघी ६३५ ग्रॅमची आहे. तिचं छिद्र (प्रकाश आत येण्याची वाट; एफचा आकडा मोठा तितकी ती लहान) एफ ५.६ ते ८, म्हणजे ढगाळ हवेत आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) चढवावा लागणार, दाणे दिसणार. तरीही वाळूतून चालत जाऊन हातात धरून फोटो काढणाऱ्याला आम्ही तीच सुचवतो. स्टँड लावून एका जागी दोन तास बसायची तयारी असेल तर ६०० पर्यंत जाणारी घ्या, पैसे वसूल होतील.

या किनाऱ्याची एक सोय मात्र फुकट आहे. सूर्य आपल्याकडे सह्याद्रीमागून वर येतो, म्हणजे सकाळी समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की उजेड आपल्या पाठीवरून थेट पक्ष्यावर पडतो. त्या दीड-दोन तासांत साधी लेन्सही छान वागते. संध्याकाळी सूर्य समोर, मग पक्षी काय आणि होडी काय, सगळं काळं. सूर्यास्ताचे फोटो काढायचे तर ठीक.

रात्रीचं काम: दशावतार, नमन, शिमग्याची पालखी

"दिवसा झकास येतात, रात्री सगळे हललेले" ही तक्रार घेऊन येणाऱ्याच्या बॉडीवर दहातल्या नऊ वेळा १८-५५ ची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) असते. झूम केलं की तिचं छिद्र एफ ५.६ वर येतं. एफ २.८ ची लेन्स त्याच्या चौपट प्रकाश आत घेते, एफ १.८ ची जवळजवळ दसपट. जिथे शटर १/३० सेकंद उघडा ठेवल्यावर संकासुराच्या हातांची नुसती धूसर रेघ उमटत होती, तिथे एफ २.८ वर १/१२० आणि एफ १.८ वर १/२५० च्या पुढे जाता येतं. बॉडी बदलायच्या आधी ५० मिमी एफ १.८ लावून बघा. कॅननची ही लेन्स १६० ग्रॅमची, आणि बहुतेक कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक हीच असते. एपीएस-सीवर ती थोडी लांबची होते. रंगमंचासमोर पहिल्या-दुसऱ्या रांगेत बसलात तर एकट्या पात्रासाठी अगदी योग्य.

पालखी नाचवताना गर्दीत मागे सरकायला जागा नसते, तिथे ५० चालत नाही. सिग्माची एपीएस-सीसाठीची १८-५० एफ २.८ ही आमची आवडती. ३०० ग्रॅमच्या आसपास वजन, आणि सोनी, फुजी, कॅनन आरएफ अशा वेगवेगळ्या माउंटमध्ये मिळते.

रात्रीच्या कामाला फुल फ्रेमच्या बाजूने आमचं मत आहे, ते लपवत नाही. तिचं क्षेत्रफळ एपीएस-सीच्या दुपटीहून जास्त आणि मायक्रो फोर थर्ड्सच्या जवळपास चौपट. लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर तो फरक दिसतो. मात्र फुल फ्रेम बॉडी घेऊन तिला एफ ४ ची झूम लावणाऱ्याने हे लक्षात घ्यावं की शेजारचा एपीएस-सी आणि एफ १.८ वाला त्याच्याहून जास्त प्रकाश गोळा करतोय.

एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येतात, ती कॅमेऱ्याची खराबी नसते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवा आणि आवाज न करणारा इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा, बहुतेक पट्टे जातात. वेगवान शटर हवाच असेल तर मेनूत अँटी-फ्लिकर शोधा.

माउंट म्हणजे सोयरीक

बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्सा वीस वर्षं राहतात. म्हणून माउंट जपून निवडायचा. निकॉनचा एफ माउंट १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. घरात वडिलांची किंवा काकांची लेन्स निघते ती बहुधा या दोन्हींतलीच. २०१८ मध्ये दोघांनीही मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट काढले, निकॉनने झेड आणि कॅननने आरएफ. सोनीचा ई माउंट २०१० पासून आहे.

जुनी लेन्स नव्या बॉडीवर बसते, उलटं होत नाही. कारण साधं आहे. ईएफमध्ये लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंत ४४ मिमी अंतर असतं, आरएफमध्ये २०. मधल्या २४ मिमीत अ‍ॅडॉप्टर मावतो. कॅननवाल्यांचं त्यामुळे बरं चाललंय, ईएफ आणि ईएफ-एस लेन्सा अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकससकट चालतात. निकॉनवाल्यांनी मात्र लेन्सवरची अक्षरं वाचावीत. एएफ-एस किंवा एएफ-पी असेल तर एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर ऑटोफोकस मिळेल. एएफ-डी असेल तर लेन्समध्ये मोटर नाही, फोकस हाताने फिरवावा लागेल. अशी लेन्स घरात असेल आणि बजेट कमी असेल तर वापरलेली डी७२०० किंवा डी७५०० घ्या, त्यांच्या बॉडीतच मोटर आहे. डी३००० आणि डी५००० मालिकांत नाही, तेव्हा "निकॉनच आहे ना" म्हणून घेऊ नका.

इतर कंपन्यांच्या लेन्सा सोनीसाठी सर्वांत जास्त मिळतात. कॅननने आरएफची दारं बराच काळ बंद ठेवली होती, सिग्मा आणि टॅमरॉनला एपीएस-सी लेन्सांपुरती वाट २०२४ मध्ये मिळाली. स्वस्तात चांगली लेन्स हवी असेल तर ही गोष्ट बॉडीच्या मेगापिक्सेलपेक्षा जास्त महत्त्वाची.

आणि एक व्यवहाराचं: तुमच्या मित्रमंडळीत जो माउंट आहे तो घ्या. लेन्स उसनी मिळते.

बाकीची कामं, थोडक्यात

कातळशिल्पांसाठी उक्षी, बारसू, कशेळीला जाणार असाल तर वाइड लेन्स न्या, एपीएस-सीवर १० ते १८ मिमीची. दुपारी बारा वाजता कोरलेल्या रेषा डोळ्यांनाही दिसत नाहीत, सकाळचं किंवा उतरतं ऊन तिरकं पडलं की खोदकाम उठून दिसतं. रेषा उठाव्यात म्हणून त्यांत खडू भरू नका आणि शिल्पावर पाय ठेवू नका.

पावसात आंबोलीला बेडकांसाठी जाणाऱ्यांना ९० ते १०५ मिमीची मॅक्रो (अगदी जवळून बारीक गोष्टी टिपणारी लेन्स) पुरते. मायक्रो फोर थर्ड्सची ६० मिमी मॅक्रो फारच हलकी आहे, आणि ओएम-१ बॉडीला आयपी५३ दर्जाचं पाणीरोधक संरक्षण आहे, पावसात तिचा जीव कमी टांगणीला लागतो. वेळासला कासवाची पिल्लं बघायला गेलात तर फ्लॅश आणि टॉर्च बंद. पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची वाट चुकतात. होमस्टेच्या खोल्यांचे फोटो काढायचे असतील तर खरं सांगू? आधी फोन आणि उघड्या खिडक्या, मग आमच्याकडे या.

मीठ, वाळू आणि फंगस

आमच्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या लेन्सांतला मोठा वाटा फंगसचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. काचेवर बुरशी धरायला ६५-७० टक्क्यांच्या वरची दमट, बंद, अंधारी जागा पुरते, म्हणजे आपलं कपाट. लेन्सबरोबर आलेली चामड्याची पिशवी हे तिचं आवडतं घर. त्या पिशवीतून लेन्स आजच बाहेर काढा.

झाकणाला रबर असलेला घट्ट प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा डिजिटल आर्द्रतामापक, एवढ्यात काम होतं. आकडा ४० ते ५० च्या दरम्यान ठेवा. ३० च्या खाली नको, रबर आणि आतलं ग्रीस सुकतं. निळं सिलिका जेल गुलाबी झालं की ओलं झालं, ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आसपास तापवून परत वापरता येतं, पण त्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकाच्या भांड्यात तापवू नका. तांदळाच्या डब्यात कॅमेरा खुपसण्याचा उपाय कृपया विसरा, पीठ आणि धूळ आत जाते. विजेवर चालणारं ड्राय कॅबिनेट उत्तम. पावसात वीज गेली तरी दार उघडलं नाही तर काही तास निघतात. दोन-दोन दिवस वीज जाणाऱ्या गावात मात्र सिलिकाचा डबाच खात्रीचा.

सगळ्यांत मोठं औषध म्हणजे वापर. उघडीप मिळाली की आठवड्यातून एकदा लेन्सा बाहेर काढा, झूम-फोकस फिरवा, उजेडात ठेवा.

जुनी लेन्स विकत घेताना फोनचा टॉर्च घ्या. दोन्ही टोप्या काढा आणि मागच्या बाजूने टॉर्च तिरका धरून पुढून बघा. सरळ धरलात तर डोळे दिपतील, दिसणार काही नाही. कॅननची ईएफ लेन्स बॉडीवरून काढल्यावर छिद्र उघडंच असतं. निकॉनच्या जी लेन्सचं बंद असतं, मागची छोटी दांडी बोटाने सरकवून उघडावं लागतं. काचेच्या कडेकडून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे निघालेले दिसले तर फंगस. सगळीकडे सारखा धुरकटपणा असेल तर ती हेझ, ती बहुधा साफ होते. धागे कोवळे असतील तर आम्ही लेन्स खोलून साफ करतो. जुने असतील तर बुरशीच्या आम्लाने कोटिंग खाल्लेलं असतं, धागा निघतो पण डाग राहतो. अशा वेळी आम्ही पैसे घ्यायच्या आधी तसं सांगतो.

वेदर सील हा शब्द ऐकून कोणी लाटेत उतरू नये. ते सील शिंतोडे आणि धुळीसाठी असतं, आणि लेन्सही सीलवाली असली तरच. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्याभोवती बारीक रबर दिसतंय का बघा. बहुतेक किट लेन्सांना नसतं. खाऱ्या पाण्याने बिघडलेला कॅमेरा वॉरंटीत बसत नाही.

किनाऱ्यावरून आल्यावर आधी ब्लोअरने वाळू उडवा, तोंडाने फुंकू नका. मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने बॉडी पुसा, लगेच कोरड्या फडक्याने. स्टँडचे पाय नळाखाली धुवा. वाळूत स्टँड लावताना सर्वांत खालचा बारीक भाग आधी बाहेर काढा, म्हणजे सांधे पाण्यावर राहतात. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर वाफ धरते, पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या.

आमच्याकडे येताना

स्वतःचं मेमरी कार्ड आणि बॅटरी घेऊन या. लेन्स बघायला दिली की तिथेच दहा-वीस फोटो काढा, घरी मोठ्या पडद्यावर बघा, दुसऱ्या दिवशी सांगा. घाई आम्हाला नाही. मोठ्या लेन्सा भाड्यानेही देतो. २००-६०० घ्यायच्या विचारात असाल तर आधी एक शनिवार-रविवार भाड्याने न्या, खांदा काय म्हणतो ते कळेल. फंगस साफ करायला लेन्स आणायची असेल तर गणपती झाल्या झाल्या आणा. नवरात्रापासून लग्नवाल्यांची गर्दी सुरू होते, मग पंधरा दिवस थांबावं लागतं.